नऊ झाली, पाच हाती लागली

"बाई, आमच्या आज्या घरीच बाळंत झाल्या, आठ-आठ, दहा-दहा पोरे झाली, कुणाला काय झाले? मग आताच दवाखान्याचा एवढा हट्ट कशासाठी?" डोंगराळ भागातल्या एका उपकेंद्रात एकतीस वर्षे परिचारिका म्हणून काढल्यानंतर, आणि आता निवृत्त होऊन चार वर्षे झाल्यानंतरही, मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे. पूर्वी तो पाड्यावरचे कारभारी विचारत. हल्ली शहरात नोकरी करणारे, पहिलटकरणीला घेऊन सुट्टीवर आलेले तरुण विचारतात. प्रश्न उद्धटपणाने विचारलेला नसतो, म्हणून त्याचे उत्तरही मी नीट देत आले.

उत्तर द्यायच्या आधी मी ओट्यावर बसलेल्या त्याच्याच आजीला विचारते, की आजी, तुम्हाला किती मुले झाली. जुन्या बायका या प्रश्नाला एक आकडा कधीच सांगत नाहीत, दोन सांगतात. "नऊ झाली, पाच हाती लागली." नातवाने आजीच्या तोंडून नऊ हा आकडा पुष्कळदा ऐकलेला असतो, आणि वाक्याचा दुसरा अर्धा भागही ऐकलेला असतो, पण त्यातल्या चौघांचा हिशेब त्याने कधी मांडलेला नसतो. शिवाय जी आजी बाळंतपणात गेली, ती ओट्यावर बसून काही सांगायला उरलेलीच नसते. आपण साक्ष काढतो ती फक्त वाचलेल्यांची.

आमच्याच घरचे सांगते. माझी आजी ही आजोबांची दुसरी बायको. पहिली तिसऱ्या खेपेला अडली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. पितृपंधरवड्यातल्या अविधवा नवमीला आमच्याकडे तिच्या नावाने सवाष्ण जेवायला बोलावतात, आणि लहानपणी मला वाटे की अशी एक आजी प्रत्येकाच्याच घरात असते. अहेवपणी गेलेल्या बायकांसाठी पंचांगात वेगळी तिथी राखून ठेवावी लागली, यावरून त्या किती असतील याचा अंदाज करावा. बिजवर हा शब्द तरी आपल्या भाषेत एवढा सहज का रुळला असेल? दगडू, धोंडू, उकिरडा ही नावे काही हौसेने ठेवलेली नव्हती. आधीची मुले जगली नाहीत, निदान याच्यावर तरी कुणाची नजर पडू नये, म्हणून ती ठेवत. पायाळू माणसाने लाथ मारली की कंबरदुखी जाते असे आमच्याकडे मानतात. पण जे पायाकडून जन्माला आले आणि वाचले तेवढेच लाथ मारायला उरले, हे कुणी बोलत नाही. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर होण्यापर्यंतची त्यांची वाट तिथून सुरू होते.

तरीही प्रश्नात एक खरे आहे, आणि ते मी नाकारत नाही. बहुतेक बाळंतपणे सुखरूपच होतात. ढोबळमानाने शंभर गरोदर बायकांमधल्या पंधरा जणींना जिवावर बेतेल अशी गुंतागुंत होऊ शकते. उरलेल्या पंच्याऐंशी जणी सुईणीच्या हातून, घरच्या अंधाऱ्या खोलीतही मोकळ्या होतात. म्हणून सुईण खोटे बोलत नाही आणि आजीही खोटे बोलत नाही. अडचण अशी की त्या पंधरा जणी कोणत्या, हे आधी ओळखता येत नाही. काहींचा अंदाज येतो: अंगात रक्त कमी, रक्तदाब वाढलेला, मूल आडवे, आधीचे सिझेरियन. पण सातव्या महिन्यापासून सगळे ठीक असलेली, दोनदा सहज बाळंत झालेली बाईसुद्धा तिसऱ्या वेळी रक्त जाऊन तासा-दोन तासांत हातची जाते.

हे कसे घडते ते सांगितल्याशिवाय माझ्या हट्टाचा अर्थ लागणार नाही. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. मूल बाहेर आले, वार सुटली, की गर्भाशयाचे स्नायू आवळून त्या उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या बंद करतात. हात लावला तर बेंबीखाली नारळासारखा कठीण गोळा लागतो. तो गोळा कठीण न होता मऊ कणकेसारखा लागला, की समजावे घड्याळ सुरू झाले. मूल जन्मल्यानंतर मिनिटभरात ऑक्सिटोसिनचे दहा युनिटचे एक इंजेक्शन मांडीत दिले तर बहुतेकींचे गर्भाशय आवळते. औषध महाग नाही, पण ते थंड ठेवावे लागते, ते द्यायला शिकलेला हात लागतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर पुढे सलाईन, रक्त आणि शस्त्रक्रिया जवळ असावी लागते. यातले काहीही घरात नसते.

१९९८ च्या आषाढात एका पाड्यावरून रात्री निरोप आला. मूल होऊन तास झाला होता, वार पडली नव्हती. मी पोहोचले तेव्हा सुईण योग्य तेच करत होती, पोट चोळत होती. तिला कुणी शिकवले नव्हते तरी हात जाणता होता. बाईखालची गोधडी इतकी भिजली होती की कंदिलाच्या उजेडात ती काळी दिसत होती. मी इंजेक्शन दिले, जीप मिळवली, पण ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत होते आणि आम्ही पन्नास मिनिटे अलीकडेच थांबलो. ती शुद्धीवर असताना दोनदाच बोलली, एकदा पाणी मागितले आणि एकदा मुलगा आहे का विचारले. पाणी ओसरायच्या आत ती गेली. सातव्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन ७.८ होते आणि ते माझ्याच नोंदवहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. तिच्या अंगात अकरा असते तर ती ते पन्नास मिनिटे कदाचित तरली असती, हा हिशेब मी पुढे कितीतरी रात्री केला. लोहाच्या गोळ्या तिला दिल्या होत्या. त्यांनी मळमळते म्हणून त्या फडताळात तशाच पडल्या होत्या, आणि त्या घेतल्या की नाही हे पाहायला मी गेले नव्हते.

राज्याचे आकडे पाहिले तर तेव्हापासून बरेच बदलले. २००४ ते २००६ या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० मध्ये ते प्रमाण ३३ वर आले. याच सुमारास दवाखान्यातली बाळंतपणे शंभरातल्या पासष्टांवरून पंच्याण्णवांच्या जवळ गेली. सगळे श्रेय दवाखान्याला देणे मला पटत नाही. लग्ने उशिरा होऊ लागली, बाळंतपणे कमी झाली, रस्ते आले, १०२ आणि १०८ च्या गाड्या आल्या. पण रक्त चालू झाल्यावर गाडी शोधणे आणि आधीच दवाखान्यात असणे यांतला फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर काढले ते यासाठीच, की ओढ्याला पूर येण्याआधी बाई ओढा ओलांडून दवाखान्याच्या बाजूला येऊन राहावी.

दवाखान्याविषयीची तक्रारही मला ठाऊक आहे. कळा सोसणाऱ्या बाईवर ओरडणे, "तेव्हा नाही वाटले का" असले बोलणे, तिच्या आईला दाराबाहेर उभे करणे, हे मी माझ्या सहकाऱ्यांकडून पाहिले आहे आणि नोकरीच्या सुरुवातीला एक-दोनदा मीही ओरडले आहे. बाळंतिणीजवळ एका बाईला सोबतीला राहू द्यावे, असे आता सरकारचेच धोरण आहे. ते पाळले तर निम्मी भीती दारातच संपेल. गरज नसलेल्या सिझेरियनची भीतीही खोटी नाही. पण त्यावरचा इलाज घरी बाळंत होणे हा नव्हे. डॉक्टरांना कारण विचारावे आणि समजेपर्यंत विचारावे.

आता मुलाचे. आईला अठ्ठेचाळीस तासांनी घरी पाठवतात, आणि मुलासाठी अवघड दिवस तर त्यानंतरही चालूच असतात. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. सटवाई पाचवीला येते आणि नाव बाराव्याला ठेवतात, हा क्रम उगाच पडला असेल असे मला वाटत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या साध्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. हे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०११ पासून देशभर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊ लागल्या. त्या वजन करतात, पाय गार आहेत का ते हाताने पाहतात, मूल दूध ओढते का ते पाहतात, मिनिटभर श्वास मोजतात. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजतात. म्हणजे घराला माझा विरोध मुळीच नाही. जन्माची वेळ दवाखान्यात आणि पुढचे सहा आठवडे घरात, पण डोळे उघडे ठेवून, एवढेच माझे म्हणणे आहे. मध चाटवू नये, चीक फेकू नये, पहिल्याच दिवशी न्हाऊ घालू नये, नाळेला तेल-राख लावू नये. एवढ्यानेही पुष्कळ टळते.

म्हणून नातवाशी वाद न घालता मी त्याला कामाला लावते. आठवा लागला की दाराच्या आतल्या बाजूला खडूने चार गोष्टी लिहायच्या: गाडीवाल्याचा नंबर, बाईचा रक्तगट, रक्त द्यायला तयार असलेल्या दोघांची नावे, आणि घरी थांबून इतर मुलांना कोण सांभाळणार. एका घरी मी तीन वर्षांपूर्वी लिहून घेतलेले नंबर अजून तसेच आहेत. तेव्हा जन्मलेली मुलगी आता अंगणवाडीत जाते. दिवाळीला घर सारवताना सुनेने ते पुसायला घेतले, तेव्हा सासूने तिचा हात धरला. धाकट्या सुनेला सातवा लागला होता.