जागा नाही म्हणून आडवा? नाही!

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका पावडर कोटिंग शॉपमध्ये ओव्हनचा थायरिस्टर कंट्रोलर, म्हणजे हीटरची वीज कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बदलून आलो. हीटर 60 किलोवॅटचे, थ्री फेज, 415 व्होल्ट. म्हणजे फेजला 84 अँपिअरच्या आसपास. मालकांनी 100 अँपिअरचा मागवला होता, ते बरोबरच.

खोका उघडल्यावर अँपिअर सगळेच वाचतात. त्याच्या फॅनला सप्लाय कोणता आणि वीज किती सोडायची ते सांगणारा सिग्नल 4-20 मिलिअँपिअर की 0-10 व्होल्ट, हे वाचायचं राहतं आणि मग रात्री फोन येतात. हीटसिंकच्या (डब्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या) पट्ट्यांत टॉर्च मारली, तर आत थर्माकोलचे मणी. फुंकून निघेनात, ब्रशनेच काढले. मग मल्टीमीटर लावून प्रत्येक फेजचं इनपुट ते आउटपुट बघितलं. शून्याजवळ ओहम आले तर थायरिस्टर शॉर्ट, माल परत. (दोनच फेज कंट्रोल करणाऱ्या मॉडेलात तिसरी फेज सरळ गेलेली असते, तिथे शून्य दिसलं तर घाबरू नका.) मेगर (जास्त व्होल्टेज टाकून इन्सुलेशन तपासणारं मीटर) मात्र कंट्रोलरवर कधीच मारायचा नाही. हीटर तपासायचे तर आधी त्यांच्या वायरी सोडवा.

खरी अडचण बसवताना आली, पॅनेलमध्ये उभ्याला जागा पुरेना. हेल्पर म्हणाला, "दादा, आडवा टाकू का? मापात बसतोय."

बसत होता खरा. पण हा डबा स्वतःही तापतो. फेजमागे दर अँपिअरला साधारण सव्वा वॅट धरा, तिन्ही मिळून तीनशेच्या वर जातात. पट्ट्या उभ्या असल्या तरच गरम हवा खालून वर निघून जाते, आडव्या केल्या की तिथेच कोंडते. रेटिंग बहुधा भोवतालच्या 40 डिग्री हवेचं असतं, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या नाशिकची बाहेरची हवाच तिथवर जाते. पत्र्याच्या शेडमध्ये, ओव्हनला खेटून उभ्या पॅनेलच्या आतलं तर विचारूच नका. शेवटी बंद पडलेला टायमर आणि दोन रिकामे रिले काढले, वायरिंगची डक्ट सरकवली आणि मॅन्युअलमध्ये दिलेली जागा वर-खाली सोडून उभाच बसवला. पॅनेलचा फिल्टर पावडरने इतका चोंदला होता की जाळी कुठली आणि पावडर कुठली, कळेना. नवीनच टाकला.

"कंट्रोलर हीटर बंद करतोच, मग वेगळा कॉन्टॅक्टर कशाला?" मालकांनी विचारलं. (कॉन्टॅक्टर म्हणजे हीटरची लाइन तोडणारा मोठा स्विच.) थायरिस्टर जातो तेव्हा बहुतेकदा शॉर्ट होऊन जातो, मग हीटर चालूच राहतात. म्हणून वेगळ्या थर्मोकपलवरचा (तापमान मोजणाऱ्या सेन्सरवरचा) ओव्हर-टेंपरेचर कंट्रोलर कॉन्टॅक्टरला जोडला. ओव्हन रिकामा असताना त्याचं सेटिंग 60 डिग्रीवर आणून हीटर चालू केले. साठ झाले आणि खटकन कॉन्टॅक्टर पडला. मग सेटिंग 230 वर नेलं आणि बिल दिलं.