आजोबा, शीड अडकलंय

भाच्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा सोलापुरात 43 अंश होतं आणि आम्ही पंख्याखाली आडवे झालो होतो. तो ग्रीसमध्ये भाड्याच्या शिडाच्या बोटींवर दुरुस्तीचं काम करतो. मागं निळंशार पाणी, चेहरा रडवेला.

"मामा, शीड अडकलंय."

त्या बोटीचं मोठं शीड खाली उतरवत नाहीत. डोलकाठी पोकळ, आत एक उभा दांडा. दोर ओढला की दांडा फिरतो आणि शीड उभ्या फटीतून आत गुंडाळलं जातं. दुकानाचं शटर कुशीवर निजवावं, तसं. शीड ताठ ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या घातल्या तर गुंडाळणार कसं, म्हणून मागची कड आत कोरून घेतात. वारा जरा कमीच धरतं. आता फटीत कापडाचा गोळा बसला होता.

मी काही बोलायच्या आत अण्णांनी, म्हणजे त्याच्या आजोबांनी, फोन घेतला. अण्णा चाळीस वर्षं सोलापूरच्या पूर्व भागात मागांवर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे. समुद्र पाहिला तो एकदाच, गेटवेच्या कठड्यावरून.

"आत घेताना मागनं धरलं होतंस का?"

नव्हतं. शिडाचं मागचं टोक ताणून धरणारा दोर यानं एकदम सोडून दिला होता.

"मग सुरकुती पडणारच की."

मागाचा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळायचा रूळ, भरताना हेच. एक पट्टा सैल गेला की धागे खालच्या थरात रुततात आणि पुढं मागावर तार तुटत राहते. फिरत्या बीमवर अंगठा टेकवून अण्णा सैल जागा सांगायचे, तेही दुसरीकडं बघत.

भाचा दोर ओढायच्या विंचवर जोर लावायला निघाला. "ओढू नको रे, आणखी आवळेल! थोडं बाहेर काढ, परत आत घे."

वीतभर बाहेर, वीतभर आत. पाऊण तास गेला. आमचा चहा झाला. गोळा सुटला, पण कडेची शिवण उसवली होती. कापड पॉलिस्टरचं, पण उन्हानं त्याच्याआधी शिवणीचा दोरा कुजतो, असं भाचा म्हणाला. अण्णांचं लक्ष कापडाकडं होतं.

"झोळ पडलाय त्याला. परत अडकणार."

"जुनं आहे आजोबा. मालक बदलत नाही."

"मालक कुठले बदलतात." मग जरा थांबून, "आणि धुता कशानं?"

"गोड्या पाण्यानं. मीठ शिवणीत बसतं, वरच्या बेअरिंगमध्ये बसतं. नळी लावून धो धो धुवायचं."

आमच्या नळाला पाणी येऊन पाचवा दिवस होता.

"नळी लावून," अण्णा म्हणाले आणि फोन माझ्याकडं दिला.