महासागरी शर्यतीआधी गोव्यात सहा दिवस

पहाटे दोन वाजता, गोव्याच्या किनाऱ्यापासून पंचवीसेक मैल बाहेर, बोटीच्या पोटात एका हाताने कठडा धरून मी दुसऱ्या हाताने जलरोधक विजार चढवत होते. तिला वीस मिनिटं लागली. वर्षभर गाठी शिकले, पुस्तकं वाचली, पण हलत्या अंधारात कपडे घालायची तयारी करावी लागते हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

येत्या क्लिपर राउंड द वर्ल्ड या, शिडाच्या बोटींनी जगाला फेरी मारायच्या शर्यतीच्या एका टप्प्यासाठी मी खलाशी म्हणून नाव दिलं आहे. ही शर्यत १९९६ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी सुरू केली. हेच गृहस्थ १९६९ मध्ये एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले, आणि त्यांची बोट 'सुहैली' आपल्या मुंबईत बांधलेली. शर्यतीला पूर्वानुभव लागत नाही, मात्र चार पातळ्यांचं प्रशिक्षण सक्तीचं असतं. त्यावर पैसे ओतण्याआधी आपलं पोट आणि झोप समुद्रावर टिकतात का, हे जवळच पाहून घ्यावं असं ठरवलं आणि जानेवारीत कोल्हापूरहून पणजी गाठली.

गोव्यात शिडाच्या बोटींचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात इकडे फिरकूही नका. जानेवारीत पहाटे मतलई वारा जमिनीकडून मंद वाहतो, दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा चढतो, त्यामुळे एकाच दिवसात दोन्ही प्रकारचा सराव होतो. पहिले तीन दिवस दोनापावलाजवळ डिंगीत, म्हणजे शिडाच्या छोट्या होडीत गेले. टॅक (वाऱ्याकडे नाक वळवून दिशा बदलणं), जाइब (वारा पाठीशी घेऊन दिशा बदलणं), पालथी बोट सरळ करणं. हे करूनच या, कारण वारा गालावर कळू लागतो तो लहान बोटीत.

चौथ्या दिवशी सुट्टी घेतली आणि जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला गेले. 'म्हादई' आणि 'तारिणी' या नौदलाच्या शिडाच्या बोटी याच बेटावर बांधल्या. 'तारिणी' १० सप्टेंबर २०१७ ला गोव्यातून सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन निघाली आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ ला पृथ्वी फिरून परत आली. ज्या मांडवीत आपण रोज कॅसिनोचे दिवे पाहतो, त्याच मांडवीच्या काठावरच्या वेरे गावी. फेरीबोटीत उभी असताना माझा गळा दाटून आला होता.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही पाच जण आणि प्रशिक्षक, मूळचे मालवणचे काका, चाळीस फुटी बोटीने चोवीस तासांच्या फेरीला निघालो. आग्वाद किल्ल्याजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा पट्टा आहे, म्हणून भरती पाहूनच बाहेर पडतात. चार तास काम, चार तास विश्रांती अशा पाळ्या. विश्रांतीचे चार तास म्हणजे कपडे काढणं, खाणं, पुन्हा चढवणं वजा करता जेमतेम अडीच तास झोप. घरी आठवडाभर रात्री दोनला आणि सहाला गजर लावून उठून पाहा. मी परतल्यापासून तेच करते आहे.

रात्री शिडीवरून डोकं वर काढलं की काकांचा आवाज यायचा, "आधी हूक लाव, मगे वर ये." हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षापट्ट्याचा दोर बोटीच्या दोरीला अडकवल्याशिवाय कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या जागेत, पाय ठेवायचा नाही. हा नियम हातात मुरेपर्यंत दहा-दहा वेळा करा, कारण थकल्यावर विचार चालत नाही, फक्त सवय चालते.

मळमळीची गोळी मी उशिरा घेतली, ही माझी चूक. निघण्याआधीच घ्यायची असते, आणि जमिनीवर एकदा घेऊन झोप किती येते ते पाहायचं असतं. उलटी आली तर वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूला जा, पट्टा अडकवलेला ठेवून. मग क्षितिजाकडे बघत सुकाणू हातात घ्या. मला त्यानेच बरं वाटलं. पण स्वयंपाकाची पाळी टळत नाही. झुलत्या शेगडीवर सहा जणांची मुगाची खिचडी केली तेव्हा कळलं की भांडं अर्ध्याहून जास्त भरायचं नाही आणि उकळत्या पाण्याशी काम करताना पावसाळी विजार अंगात हवीच, भाजण्यापासून तीच वाचवते.

सुती कपडे नकोत. ओले झाले की गोव्यातही पहाटे कुडकुडायला होतं, मग दक्षिण महासागराचं काय. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या, प्रत्येक जोड वेगळ्या बंद पिशवीत. डोक्यावरचा दिवा लाल प्रकाशाचा हवा. पांढरा एकदा डोळ्यांत गेला की अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं जातात, आणि त्या वेळात मच्छीमारांच्या जाळ्यांचे मिणमिणते दिवे दिसत नाहीत. आम्ही एका जाळ्याला अगदी शेवटच्या क्षणी टाळलं.

शाकाहारी असाल तर शर्यतीच्या आयोजकांना आधीच कळवा. टप्पा जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो, दोन्ही देशांचे व्हिसा तपासा. एकतर्फी तिकिटावर विमानतळावर प्रश्न येतात, म्हणून आयोजकांचं पत्र हातपिशवीत ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आग्वादचं दीपगृह दिसलं तेव्हा सुकाणू माझ्याकडे होतं. काकांनी भरतीची वेळ बघितली आणि म्हणाले, "अजून अर्धो तास थांबूया." आम्ही शीड थोडं सैल सोडलं आणि बाहेरच घिरट्या घालत राहिलो.