आमची वाटचाल : कोण कोणाला ओढतंय?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत लॉगर (तापमान-प्रेशरची सतत नोंद ठेवणारं यंत्र) बसवून देणारे पुष्कळ. आमचं काम त्यापुढचं. बॉयलरची वाफ वाटणाऱ्या एकाच मोठ्या पाइपवर, म्हणजे स्टीम हेडरवर, डाइंग, सायझिंग (सुताला खळ लावणं), ड्रायर सगळं लटकलेलं असतं. त्यात कोण कोणाला ओढतंय, किती जोरात आणि किती सेकंदांनी, हे आकड्यांवरून काढायचं.

याच कामात आम्ही जवळपास बुडालो होतो. सायझिंग बॉक्समधल्या खळीचं तापमान दर काही मिनिटांनी घसरायचं. खळ घट्ट, पिकअप (सुताने उचललेली खळ) कमी-जास्त, लूमवर सुताच्या तारा तुटायच्या. आलेखात आधी डाइंगचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि १२ सेकंदांनी खळ उतरायची. आम्ही डाइंगला दोषी धरलं आणि स्वतंत्र स्टीम लाइन टाकायला लावली. घसरण तशीच! पैसे अडकले, दोन कामं हातची गेली. ती कामं बाहेरच्या एका कंपनीने रंगीत स्क्रीन दाखवून उचलली. त्या स्क्रीनवर सहसंबंध दिसतो, कोण कोणाला ओढतंय ती दिशा नाही; हे आजही कोणी त्यांना विचारत नाही.

चुका दोन होत्या. लॉगर दोन आणि घड्याळंही दोन. २० पीपीएम (दहा लाखांत वीस) फरकाचं घड्याळ दिवसाला १.७ सेकंद सरकतं. १२ दिवसांत डाइंगचा लॉगर २० सेकंद मागे पडला होता, म्हणून खळीनंतर ८ सेकंदांनी उघडणारा व्हॉल्व्ह आधी उघडल्यासारखा दिसला. दुसरी चूक मोठी. बॉयलरमध्ये पाणी भरणारा फीड पंप आम्ही मोजलाच नव्हता. पंप लागला की थंड पाणी आत, प्रेशर खाली, मग खळ आणि डाइंग दोन्ही गार, आणि डाइंगचा कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडतो. मूळ कारण मोजलं नाही, तर त्याची दोन पोरं एकमेकांवर आळ घेतात.

हा कारखाना ज्यांचा, ते टॉवेलवाले अण्णा तेवढे थांबले. "काय बे, पाइप टाकली ती टाकली. आता नीट शोध," एवढंच म्हणाले.

मग पंपाच्या कॉन्टॅक्टरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट (पंप चालू की बंद ते सांगणारा), हेडरचं प्रेशर, खळीचा पीटी-१०० (तापमानाचा सेन्सर) आणि व्हॉल्व्हचा सिग्नल, सगळं एकाच लॉगरवर, सेकंदाला एक नोंद. डाइंगच्या कंट्रोलरच्या आउटपुटवर ±५ टक्क्यांचा पीआरबीएस, म्हणजे आधी ठरवलेला पण वाटेल तसा वर-खाली होणारा सिग्नल, चढवला. १२७ पायऱ्या, प्रत्येकी ३० सेकंद, म्हणजे तासाभराचं काम. त्यात सलग सात पायऱ्या एकाच बाजूला येतात. या २१० सेकंदांत खळ स्थिरावते, म्हणून ३० धरले. खळीवर व्हॉल्व्हचा परिणाम गोंगाटातच बुडाला. फीड पंप मात्र लख्ख दिसला. त्याला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावून पाणी सतत थोडंथोडं सोडलं आणि घसरण थांबली.

त्यानंतरची वर्षं बरी गेली.

नव्या पोरांना सांगतो, पीआयडी (तापमान बघून व्हॉल्व्ह हलवणारा कंट्रोलर) ऑटोवर असताना बाहेरून काहीच न हलवता व्हॉल्व्ह-तापमानाची जोडी लावू नका. खळीच्या बॉक्सच्या वागण्याऐवजी कंट्रोलरचंच गणित उलटं होऊन हाती येतं. आकड्यांवर मॉडेल बसलं की उरलेली चूक, म्हणजे मोजलेल्या आणि मॉडेलने काढलेल्या आकड्यातला फरक, तपासा. ३८१० नोंदींना (१२७ पायऱ्या × ३० सेकंद) मर्यादा साधारण ±०.०३२, इनपुटशी, म्हणजे आपण हलवलेल्या सिग्नलशी, तिचा सहसंबंध त्याबाहेर जात असेल, तर एखादी वाट सुटलीय. आणि वायरिंगआधी बॉयलरवाल्याजवळ बसून चहा घ्या. पंप कधी लागतो ते त्याला आवाजावरून कळतं.

अण्णांची ती दोन इंची लाइन आता नव्या ड्रायरला जोडलीय. बिल त्यांनी पूर्ण दिलं, पाइपचे पैसे कापून.