राईट, राईट!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे, पण ते पाच-सहा सेकंद अजून डोक्यातून जात नाहीत. मराठवाड्यातल्या एका छोट्या धावपट्टीवर मी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे. त्या दिवशी विमान सेस्ना १७२, म्हणजे एका इंजिनाचं छोटं विमान, डाव्या सीटवर लातूरकडचा पोरगा, घरी सोयाबीन, मिसरूड फुटायच्या आधीपासून ट्रॅक्टर चालवलेला. हात चांगला होता त्याचा.

बघणाऱ्याला वाटतं टेकऑफला विमान आपोआप सरळ पळतं. अजिबात नाही. फुल पॉवर दिली की सेस्नाचं नाक डावीकडं ओढतं. आत बसून बघितलं तर नाकावरचा पंखा (प्रोपेलर) घड्याळासारखा फिरतो, त्याच्या उलट विमान डावीकडं कलायला बघतं, डाव्या चाकावर भार येतो, वर पंख्याची पिळवटलेली हवा शेपटीला डावीकडून लागते. त्यात वारा नैऋत्येचा आणि आम्ही पश्चिमेकडं तोंड करून, म्हणजे तोही डावीकडूनच. वेग १० नॉट (ताशी साधारण १८ किलोमीटर), त्यातला आडवा ७ धरा. हे विमान आडव्या वाऱ्यात १५ नॉटपर्यंत चालवून दाखवलेलं आहे, तेव्हा वाऱ्याला बोल लावणार नाही. पण शेपटीवर वारा बसला की नाक वाऱ्याकडं वळतं, म्हणजे परत डावीकडंच.

याला उपाय उजवा पाय. रडर, म्हणजे शेपटीवरची उभी फळी, ती पायातल्या पेडलनं फिरते. हातातलं स्टीयरिंग जमिनीवर विमान वळवत नाही, ते पंखांसाठी आहे, आणि हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं.

त्यानं थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची पॉवर द्यायचा दांडा, एकदम पुढं सारला, जो तीन-चार सेकंदांत हळूहळू द्यायचा असतो. नाक डावीकडं निघालं. मी ओरडलो, "राईट, राईट!" आणि त्यानं स्टीयरिंग गच्च उजवीकडं फिरवलं. मी हे बघितलं, त्याचा उजवा हात थ्रॉटलवर, डावा मनगटापासून पिळलेला आणि दोन्ही पाय नुसते पेडलवर ठेवलेले. स्टीयरिंग उजवीकडं म्हणजे डाव्या पंखाचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) खाली, तो पंख हलका होतो, वर हवेला अडतो आणि नाक अजूनच डावीकडं खेचतो. मी परत "राईट!" म्हणालो, त्यानं अजून पिळलं.

मग "आय हॅव कंट्रोल" म्हणून थ्रॉटल ओढला, उजवा रडर दाबला, पण तोवर डावं चाक डांबर सोडून गेलं होतं. रात्रभर पाऊस, जमिनीला वाफसा नाही, पुढचं चाक काळ्या मातीत रुतलं आणि पंखा आपटला. दोघांनाही खरचटलं नाही. पाती वाकली, आणि पंखा असा आपटला की इंजिन पूर्ण खोलून तपासावं लागतं. संध्याकाळी गावातल्या ग्रुपवर "विमान कोसळलं" म्हणून फिरत होतं, त्याच्या आईला ते आधी कळलं, याचा मला अजून राग आहे.

पोरगा चिखलात उभा राहून एवढंच म्हणत होता, "सर, मी तर उजवीकडंच फिरवायलो होतो की."

खरंच फिरवत होता. आमच्यात एक जण म्हणाला पोरात दम नाही. मला ते पटत नाही. जन्मभर ज्यानं स्टीयरिंगनं वळवलंय त्याला घाईत "राईट" म्हटलं तर हातच वळणार, मी "रडर" म्हणायला पाहिजे होतं, आणि पहिल्या "राईट"नंतर दुसरा न म्हणता कंट्रोलच घ्यायला पाहिजे होता. रिपोर्टमध्ये मी हे लिहिलंय.

पंधरा दिवसांनी, सकाळी वारा पडलेला असताना, दुसऱ्या विमानात त्याला फक्त टॅक्सी, म्हणजे विमान जमिनीवर हळू चालवणं, करायला लावली, डावा हात मांडीवर ठेवून. मी म्हणायचो "उजवा पाय", तो दाबायचा.