आखाजीच्या दुसऱ्या दिवशी बंद पडलेली मिल

खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) धरतात. आमच्या शेठनीही तोच मुहूर्त पकडला. "आखाजीपासून हा शिफ्ट इन्चार्ज," असं त्यांनी एरंडोलकडच्या एका पोराला सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पोरगा आयटीआय झालेला, हाताचा चलाख, पण अबोल. आमची मिल जळगावच्या एमआयडीसीत आहे, तूरडाळीची. मी तिथे व्यवस्थापक आहे.

आता आखाजी म्हणजे इकडे दुसरी दिवाळीच. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घागर भरतात, पुरणपोळी-आमरस होतो आणि पारावर पत्त्यांचे डाव बसतात. दुसऱ्या दिवशी निम्मे लोक कामावर येत नाहीत, हे कुठलाही मिलवाला सांगेल. आमचे जुने मिस्त्री नानाही अमळनेरकडे गावी गेले होते. म्हणजे पोराची एकट्याने सांभाळायची पहिलीच शिफ्ट, तीही अर्ध्या माणसांवर, वर मे महिन्याचं ऊन.

थोडं मागचं सांगायला हवं. पोराला तयार कसं करायचं यावर शेठचं आणि माझं जमत नव्हतं. त्यांना त्याला नाशिकला हॉटेलातल्या एका दिवसाच्या नेतृत्व शिबिराला पाठवायचं होतं. अशा शिबिरांतून माणूस फाइल आणि फोटो घेऊन परततो, असं माझं मत. मी जुनीच पद्धत धरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांना अनुभवी माणसं कमी पडली, तेव्हा तिथल्या सुपरवायझरांसाठी ती तयार झाली आणि युद्धानंतर जपानी कारखान्यांनी ती मनावर घेतली. पायऱ्या चारच: शिकणाऱ्याची तयारी करून घ्यायची, काम करून दाखवायचं, त्याच्याकडून करून घेताना 'असं का' हेही त्याच्याच तोंडून वदवायचं, आणि मग अडल्यास कोणाला विचारायचं ते सांगून त्याला सोडून द्यायचं. सुपरवायझरांना याचं खिशात मावेल असं कार्ड देत. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलंच नाही, असं त्यावर छापलेलं असे.

पोराला यात अडचण आली नाही. अडचण नानांची होती. मुठीत डाळ घेतली की तुरीची साल घासून काढणारा रोल किती घासतोय ते त्यांना कळायचं, पण ते सांगता यायचं नाही. "हात लाईसन देख," एवढंच म्हणायचे. कोणी चुकलं की त्याला बाजूला सारून स्वतः चाक फिरवायचे. तिसरी पायरी त्यांच्या गळी उतरवायला मला पोरापेक्षा जास्त वेळ लागला. इन्चार्ज घडवायचा तर आधी त्याच्या वरच्या माणसाला हात मागे घ्यायला शिकवावं लागतं, हे कुठल्या शिबिरात सांगत असतील तर मला ठाऊक नाही.

तर त्या सकाळी रोलखालून येणारा माल बिघडला. तुरीला तेल लावून वाळवतात, मग क्विंटलमागे दोन-तीन लिटर पाणी मारून ढीग रात्रभर मुरू देतात आणि नंतर सालीसाठी रोलवर सोडतात. इथे निम्म्या दाण्यांवर साल तशीच होती आणि चुनीही, म्हणजे तुटलेल्या डाळीचा चुरा, भलतीच पडत होती. पोराने दोन मिनिटं पाहिलं आणि मिल बंद केली.

आवाज थांबला तसे शेठ ऑफिसातून बाहेर आले. संध्याकाळी ट्रक भरायचा होता.

"चालू ठेव रे. राहिलेली साल पुढच्या रोलला निघेल."

"साल निघेल शेठ, पण तुटलेला दाणा कसा जोडू?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. पाणी कमी मुरलं असावं, असं माझ्या मनात आलं होतं. बोललो असतो तर तेच खरं धरून सगळे ढिगाकडे पळाले असते. मी म्हणालो, "शिफ्ट त्याची आहे. त्याला विचारा."

पोराने नानांना फोन लावला, स्पीकरवर. मागे झोक्यावरची गाणी ऐकू येत होती. त्याने सगळं सांगितलं. नाना नेहमीसारखे सुटतील, रोल सैल कर, अमुक कर, असं मला वाटलं. तिकडून थोडा वेळ काही आलंच नाही. मग आवाज आला, "टरफल लहान दाणाले शे का मोठाले?"

"बघितलं नाही."

"मंग देख आते." आणि फोन बंद.

त्या दिवसातलं मला सगळ्यात नवल वाटलेलं हेच. नानांना उत्तर ठाऊक होतं, याबद्दल मला शंका नाही.

पोराने सुपात मूठभर माल घेऊन निवडायला बायकांना बसवलं. साल होती ती बारीक दाण्यांवर, तुटले होते ते मोठे. म्हणजे बारीक आणि मोठी तूर एकत्रच रोलवर जात होती. बारीक दाणा न घासता निसटत होता आणि मोठा भरडला जात होता. कोणाला काही न विचारता तो प्रतवारीच्या चाळणीकडे गेला. जाळी कोपऱ्यात फाटलेली होती. पाण्याचा काही संबंध नव्हता.

जाळी बदलायला वेळ लागला नाही, पण मिसळलेला सगळा माल पुन्हा चाळावा लागला. ट्रक दुसऱ्या दिवशी गेला. पार्टीची बोलणी शेठनी ऐकली आणि ती व्याजासह मला ऐकवली. पोराला मात्र एक शब्द बोलले नाहीत. उलट निघताना विचारलं, "ह्या जाळ्या कोण तपासतं?" तो म्हणाला, "आतापर्यंत कोणीच नाही. उद्यापासून शिफ्ट सुरू होताना मी."

आता शेठ मला वगळून थेट त्यालाच फोन करतात. पगार मात्र अजून ऑपरेटरचाच आहे. दिवाळीला बघू म्हणतात. साल आखाजीला सुरू झालं, तर पगारही आखाजीपासूनच धरा, असं मी लेखी दिलं आहे.