ऑइल वाढतंय? आधी पेट्रोल कॉक बंद करा

कार्ब्युरेटरच्या गाडीत ऑइलची पातळी आपोआप चढली, ते पातळ झालं आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर किक मारू नका. सिलिंडरमध्ये साचलेलं पेट्रोल दाबलं जात नाही. त्यामुळे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. इग्निशन बंद ठेवून स्पार्क प्लग काढा, मग इंजिन हळू फिरवा. (पिचकारी उडते, तोंड लांब ठेवा.)

बहुतेकदा दोषी फ्लोटची निडल, म्हणजे कार्ब्युरेटर भरला की पेट्रोल अडवणारी सुई. रबरी टोकावर बारीक गोल चर पडलेला दिसतो, नाहीतर ती जिथे टेकते त्या सीटवर टाकीतला गंज अडकलेला असतो. त्यात ओव्हरफ्लो पाइप तुंबलेला असला की पेट्रोल जमिनीवर न सांडता इंजिनात उतरतं.

व्हॅक्यूम कॉक (इंजिनाच्या ओढीने उघडणारा) असेल तर त्याची व्हॅक्यूम नळी काढून पाहा. तिथून पेट्रोल ठिबकलं तर डायफ्राम (आतला पातळ पडदा) फाटलाय. दुरुस्तीनंतर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलाच; पातळ ऑइलवर बेअरिंग जातात.